कातडीची लांच

अमेरिकेचें नांव निघालें कीं आमच्याकडील शिकलेली मंडळी एकदम १७७६ सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर उडी घेतात. वॉशिंग्टन, जेफर्सन, बोस्टन बंदरांत फेंकलेला चहा, एवढें सांगून झालें कीं त्यांचा इतिहास संपला. जणूं काय त्यापूर्वीचीं सुमारें एकशें सत्तर वर्षें त्या देशांत कोणी राबत नव्हतें, कोणी उपाशी राहत नव्हतें, आणि कोणी कोणाविरुद्ध हातही उगारीत नव्हतें! जमीनदारानें लिहविलेल्या बखरींत कुळांचीं नांवें सांपडत नाहींत, तशांतलाच हा प्रकार. म्हणून आज आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपुढें त्या मुलुखांतील कुळांची, करारी चाकरांची आणि गुलामांची हकीकत ठेवीत आहों.

हिचा आपल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील लोकांस अर्पण केलें, कारण त्यांनीं काळ्या गुलामांस दास्यांतून सोडविलें होतें. तेथील गुलामी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. ती कशी बंद झाली हें थोडेंबहुत पुष्कळांस ठाऊक असतें. ती तेथें पक्की कशी करण्यांत आली, आणि ती पक्की करतांना एका गरिबापासून दुसरा गरीब कसा तोडण्यांत आला, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं.

१६०७ सालीं एका इंग्रजी व्यापारी कंपनीनें व्हर्जिनियांत जेम्सटाउन हें ठाणें बसविलें. सोनें सांपडेल ह्या आशेनें आलेल्या लोकांस सोनें कांहीं मिळालें नाहीं. पुढें जॉन रॉल्फ ह्यानें तंबाखूची लागवड करून दाखविली आणि सगळा मुलूख तंबाखूच्या मागें लागला. तंबाखूचें पीक किती हात मागतें हें निपाणीकडील शेतकऱ्यास आम्हीं सांगावयास नको. रोप लावा, शेंडे खुडा, फुटवे काढा, अळ्या वेंचा, पान वाळवा. (ही तंबाखू पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेहूनच आपल्याकडे आली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.) हे हात आणावयाचे कोठून? कंपनीनें १६१८ सालीं नियम केला कीं, जो कोणी स्वखर्चानें एक माणूस इंग्लंडांतून आणील त्यास पन्नास एकर जमीन मिळेल. नीट वाचा. जमीन राबणारास नव्हे. राबणाराचें जहाजाचें भाडें भरणारास! ज्यानें दहा माणसें आणिलीं त्यास पांचशें एकर जमीन मिळाली, आणि ती कसावयास तींच दहा माणसें मिळालीं.

हीं माणसें चार ते सात वर्षांच्या कराराखालीं येत. आपल्याकडे पुढें ज्यास गिरमिट म्हणूं लागले, आणि ज्याखालीं १८३४ नंतर कोंकण व देशावरील मराठी माणसें मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांत गेलीं, त्याच जातीचा हा कागद. तंबाखूच्या ह्या मुलुखांत इंग्लंडांतून आलेल्या दर चार माणसांत सुमारें तीन असे करारी चाकर असत. मुदतींत पगार नाहीं. पोटास अन्न आणि अंगास कपडा. मालकास वाटेल तेव्हां चाकराची उरलेली मुदत दुसऱ्यास विकतां येई. चाकर पळाला तर जितके दिवस पळाला त्याच्या दुप्पट दिवस त्यानें जास्त राबावें. चाकरींत असतां बाई गरोदर राहिली तर तिचीही मुदत वाढे, मग तें मूल खुद्द मालकाचें कां असेना! पुष्कळ चाकर तापानें व कामानें मुदत भरण्याच्या आधींच मेले.

१६१९ सालीं व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसांहून कांहीं अधिक आफ्रिकन माणसें आणून विकण्यांत आलीं. परंतु येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पहिलीं तीस-चाळीस वर्षें काळा म्हणजे जन्माचा गुलाम असा पक्का नियम त्या मुलुखांत ठरलेला नव्हता. अँथनी जॉन्सन नांवाचा एक काळा मनुष्य चाकरींतून सुटला आणि १६५१ सालीं त्याच्याकडे २५० एकर जमीन होती. काळे आणि गोरे चाकर एकाच वावरांत राबत, एका छपराखालीं निजत, एकत्र पळून जात. १६४० सालीं तीन चाकर असे मिळून पळाले व मेरीलँडांत पकडले गेले. एक डच, एक स्कॉट, आणि तिसरा जॉन पंच नांवाचा काळा. तिघांचा गुन्हा एकच, आणि फटके तिघांसही सारखेच. पुढें मात्र कोर्टानें दोघां गोऱ्यांची मुदत एकूण चार चार वर्षांनीं वाढविली, आणि जॉन पंच ह्यास सांगितलें कीं तूं जिवंत असेपर्यंत चाकरी कर. पुढें जें सारें व्हावयाचें होतें त्याचें बीं ह्या एका निकालांत पेरलें गेलें, असें आमचें मत आहे.

मुदत भरून सुटलेल्या गोऱ्याची तरी स्थिति काय? नदीकांठची चांगली जमीन बड्या घराण्यांनीं आधींच बळकावलेली. तंबाखूचा भाव उतरत उतरत पौंडास पेनीवर, कधीं त्याहूनही खालीं आलेला. आणि इंग्लंडांत उतरणाऱ्या तंबाखूवर राजा पौंडामागें दोन पेनी जकात घेई, म्हणजे पिकविणाऱ्यापेक्षां राजाची कमाई मोठी! दर डोईस सारखी डोईपट्टी. हजारों एकरांच्या धन्यासही तितकीच आणि झोंपडीवाल्यासही तितकीच. गव्हर्नराच्या कौन्सिलांत बसणाऱ्या बड्या लोकांस तर पट्टी माफच. गव्हर्नर सर विल्यम बर्कली ह्यानें १६६२ पासून १६७६ पर्यंत चौदा वर्षें कायदे करणाऱ्या सभेची निवडणूकच होऊं दिली नाहीं, आणि १६७० सालीं ज्यास जमीन किंवा घर नाहीं त्याचा मताचा हक्क कायद्यानें काढून घेण्यांत आला.

ह्याच बर्कलीनें १६७१ सालीं लंडनच्या सरकारास जो जबाब पाठविला, त्यांत त्यानें देवाचे आभार मानिले कीं, आमच्या मुलुखांत फुकट शाळा नाहींत व छापखानाही नाहीं, आणि पुढचीं शंभर वर्षें तरी ते येऊं नयेत अशी आशा केली. त्याचें म्हणणें असें कीं, विद्येमुळें लोक आज्ञा मोडावयास शिकतात. वाचकहो, हा विचार कोणत्याही एका देशाची किंवा एका धर्माची मिराशी नाहीं. बहुजनांस अक्षर शिकविलें तर आपल्या खुर्चीस धोका आहे हें सात समुद्रांपलीकडील इंग्रज सरदारासही उत्तम कळत होतें.

गरीब लोक मुकाट्यानें बसले होते असें मात्र नाहीं. १६६३ सालीं ग्लॉस्टर परगण्यांतील चाकरांनीं हत्यारें मिळवून आपली सुटका मागण्याचा बेत केला. त्यांतल्याच बर्कनहेड नांवाच्या एका चाकरानें फितुरी केली व बेत फसला. त्या फितुरास बक्षीस म्हणून स्वातंत्र्य आणि पांच हजार पौंड तंबाखू मिळाली, आणि तो दिवस दरसाल देवाच्या उपकाराचा दिवस म्हणून पाळावा असा ठराव सभेनें केला! गरिबांनीं गरिबांचा घात केल्याचा हा सण.

१६७५ सालीं सरहद्दीवर डुकरांच्या देण्याघेण्यावरून गोऱ्यांचा तेथील मूळच्या रहिवाशांशीं तंटा लागला. बोलणीं करण्यास बाहेर आलेल्या सस्क्वेहॅनॉक जमातीच्या पुढाऱ्यांस गोऱ्यांच्या फौजेनें दग्यानें ठार मारिलें. त्या वेळीं व्हर्जिनियाच्या तुकडीवर जॉन वॉशिंग्टन हा होता. पुढील प्रसिद्ध जॉर्ज वॉशिंग्टन ह्याचा पणजा. मग सरहद्दीवर कत्तली सुरू झाल्या. बर्कली म्हणे, किल्ले बांधूं. किल्ल्यांस पैसा लागणार, म्हणजे पुन्हां पट्टी. लोक खवळले. त्यांस नथॅनिएल बेकन नांवाचा पुढारी मिळाला.

हा बेकन कांहीं कुळाचा पोर नव्हता. केंब्रिजास शिकलेला, गव्हर्नराच्या बायकोकडून नात्यांतला, १६७४ सालीं येऊन मोठी जमीन घेतलेला, आणि लागलींच कौन्सिलांत जाऊन बसलेला. अशा मनुष्यास गरिबांचा कळवळा कोठून यावा? कांहीं ग्रंथकार त्यास स्वातंत्र्याचा पहिला वीर ठरवितात. आम्हांस तें मान्य नाहीं. त्याच्या जमावाचा पहिला मोठा वार कोणावर पडला? ऑकनीची ह्या मित्र जमातीवर! ज्यांनीं त्याच्या वतीनें लढाई मारून दिली त्यांच्याच गांवावर त्यानें हत्यार चालविलें. पुढें पामंकी लोकांवर, तेही इंग्रजांशीं तहानें बांधलेले. १६७६ च्या जूनमध्यें नवी सभा भरली. तिनें भूमिहीन मोकळ्या माणसांस मत परत दिलें, कौन्सिलवाल्यांची पट्टीमाफी काढली. आणि त्याच बैठकींत, लढाईंत धरलेल्या मूळ रहिवाशांस जन्मभर गुलाम करावें असाही कायदा केला. गरिबांस न्याय मिळाला तो त्यांच्याहून दुबळ्यांची मान कापून. पुढें बंड मोडल्यावर चांगले कायदे रद्द झाले. धरलेल्यांस गुलाम करण्याची वाट मात्र उघडीच राहिली. हें आम्ही झांकून ठेविलें तर आमच्यांत आणि बखरकारांत फरक तो काय?

तरी पण त्या बंडाच्या पोटांत दुसरी एक गोष्ट होती, आणि बड्या लोकांची झोंप उडविली ती तिनें. बेकननें गव्हर्नराच्या पक्षाच्या धन्यांकडील चाकरांस व गुलामांस स्वातंत्र्याचें वचन दिलें. शेंकडों आले. १९ सप्टेंबर १६७६ रोजीं त्यांनीं जेम्सटाउन जाळून टाकिलें. गव्हर्नर खाडीपलीकडे पळाला. २६ ऑक्टोबरास बेकन अतिसारानें मेला. परंतु तो मेल्यावरही त्याच्या लोकांनीं दोन-अडीच महिने हत्यारें खालीं ठेविलीं नाहींत. ग्रँथम नांवाचा एक जहाजाचा कप्तान त्यांस वळविण्यास गेला. यॉर्क नदीवरील एका ठाण्यांत त्यास सुमारें चारशें इंग्रज व काळे एकत्र हत्यारबंद भेटले. सुटकेच्या थापा देऊन त्यानें बहुतेकांस पांगविलें. शेवटपर्यंत हत्यार न देणारे उरले ते ऐशीं काळे आणि वीस इंग्रज. ह्या शंभरांस त्यानें सुरक्षित जागीं पोंचवितों म्हणून नावेंत बसविलें, आणि मग जहाजाच्या तोफा त्यांच्यावर रोंखून त्यांस निःशस्त्र करून एकेकाच्या धन्याच्या हवालीं केलें. ह्या शंभरांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत. बर्कलीनें तेवीस जणांस फांशीं दिलें. इंग्लंडांतून हजारभर शिपाई आले. बर्कलीस परत बोलावलें, आणि १६७७ सालीं तो लंडनांत मेला.

बर्कली गेला, परंतु त्याच्या वर्गानें धडा बरोबर घेतला. काळा व गोरा एकत्र आला तर आपली धडगत नाहीं. सबब दोघांच्या मध्यें भिंत पाहिजे. आईचें दास्य मुलास लागावें हा कायदा १६६२ चा, आणि बाप्तिस्मा घेतला तरी दास्य सुटत नाहीं हा १६६७ चा. हे बंडापूर्वींच झाले होते. धर्म बदलला तरी जन्माचा डाग जात नाहीं, हें ख्रिस्ती सभेनें कायद्यानें ठरविलें! बंडानंतर मात्र भिंतीचें काम झपाट्यानें चाललें. १६८० सालीं: काळ्यानें हत्यार बाळगूं नये, चिठ्ठीवांचून धन्याची जागा सोडूं नये, कोणत्याही ख्रिस्ती मनुष्यावर हात उगारल्यास उघड्या पाठीवर तीस फटके. १६९१ सालीं: काळ्या-गोऱ्यांचें लग्न झाल्यास गोऱ्या पक्षास मुलुखांतून हद्दपार. १७०५ सालीं हे सगळे कायदे एकत्र बांधण्यांत आले.

त्या १७०५ च्या कायद्यांत गोऱ्या चाकरास काय मिळालें तें पाहा. मुदत भरली कीं दहा बुशेल मका, तीस शिलिंग, आणि वीस शिलिंग किंमतीची एक बंदूक. गोऱ्या चाकरास नागवा करून चाबूक मारावयाचा तर न्यायाधीशाचा हुकूम हवा. काळ्यास मारावयास कोणाचाही हुकूम नको. आणखी एक कलम असें कीं, गुलामाच्या खुणेचीं जीं घोडीं, गुरें, डुकरें असतील तीं जप्त करून विकावीं आणि तो पैसा त्या भागांतील गरिबांस वांटावा. गरीब म्हणजे अर्थात् गोरे गरीब. रात्रीं उठून, मालकाच्या कामांतून वेळ चोरून ज्या काळ्यानें एक डुक्कर वाढविलें, त्याचें तें डुक्कर सरकारनें घेऊन शेजारच्या उपाशी गोऱ्याच्या पदरांत घातलें, आणि त्यास सांगितलें कीं, बघ, तूं आमच्यांतला! बड्यांनीं आपल्या जमिनींतली एक वीतही सोडली नाहीं. दुसऱ्याचेंच डुक्कर देऊन त्यांनीं गोऱ्या गरिबास आपलासा केला. १६७१ सालीं बर्कलीनें मोजलेल्या चाळीस हजार वस्तींत सहा हजार करारी चाकर व दोन हजार काळे गुलाम होते. १७५० च्या सुमारास व्हर्जिनियांतील काळ्यांची संख्या एक लाखाच्या घरांत गेली.

केवळ बंडाच्या भीतीनेंच हें झालें असें म्हणणें मात्र पुरतें खरें नव्हे. त्याच सुमारास इंग्लंडांत मजुरी वाढूं लागली व करारावर येणारे लोक आटले. १६७२ सालीं राजाच्या सनदेनें गुलामांच्या व्यापाराची कंपनी निघाली, आणि १६९८ सालीं तो व्यापार सर्व इंग्रज सौदागरांस मोकळा झाला. नफा पुढें धांवत होता. कायदा त्याच्या मागून चालत त्याची वाट सारवीत होता. एडमंड मॉर्गन ह्या अमेरिकन इतिहासकारानें १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, व्हर्जिनियांत गोऱ्यांचें स्वातंत्र्य आणि काळ्यांचें दास्य हीं दोन्हीं एकाच वाफ्यांत वाढलीं.

काळ्यांनीं तें दास्य निमूटपणें सोसलें, हीही एक थापच. ९ सप्टेंबर १७३९ रोजीं, रविवारीं, दक्षिण कॅरोलिनांत स्टोनो नदीकांठीं सुमारें वीस गुलामांनीं दुकान फोडून बंदुका घेतल्या आणि स्पॅनिश फ्लोरिडाचा रस्ता धरिला, कारण तेथें पळून येणाऱ्या गुलामांस स्वातंत्र्य मिळे. वाटेंत त्यांचा जमाव वाढला, वीसांहून अधिक गोरे मारले गेले, आणि संध्याकाळच्या आंत बंड चिरडलें गेलें. दुसऱ्या वर्षींच्या कायद्यानें गुलामांस लिहावयास शिकविणें गुन्हा ठरला. पुन्हां अक्षराचीच भीति! १७४१ सालीं न्यूयॉर्कांत आगी लागल्या, तेव्हां एका गुत्तेवाल्या गोऱ्यानें व काळ्यांनीं मिळून शहर जाळण्याचा कट केला असा बोभाटा झाला. एका सोळा वर्षांच्या करारी चाकर मुलीस सुटकेचें आमिष दाखवून साक्ष घेतली, आणि तीस काळे मारिले, त्यांतले तेरा जिवंत जाळून. गोरे चार लटकविले. कट खरा होता कीं नाहीं ह्यावर अजून वाद आहे. जळालेल्यांस त्याचा काय उपयोग?

आणि गोऱ्या गरिबास तरी ही लांच पचली काय? १७६६ सालीं न्यूयॉर्क मुलुखांत हडसन नदीकांठच्या जहागिरींतील कुळें खंडाविरुद्ध उठलीं. त्यांचा पुढारी विल्यम प्रेंडरगास्ट ह्यास मरणाची शिक्षा झाली. त्याच्या बायकोनें घोड्यावर बसून गव्हर्नराकडे धांव घेतली, आणि शेवटीं राजानें त्यास माफी दिली. त्याच सुमारास न्यूयॉर्क शहरांत स्वातंत्र्याचे पुत्र म्हणविणारी मंडळी स्टांपाच्या कराविरुद्ध दंगे करीत होती. ह्या पुत्रांनीं कुळांचा पक्ष घेतला नाहीं. दंगा करण्याचा हक्क काय तो आपलाच, अशी त्यांची समजूत दिसते, असें एका इंग्रज अधिकाऱ्यानें आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे.

उत्तर कॅरोलिनाची हकीकत तर आमच्या वाचकांस आपल्याच तालुक्यांतली वाटेल. डोंगराकडील परगण्यांत लहान शेतकरी. रोख पैसा हातीं नाहीं, पट्टी मात्र रोख. वसुलीस येणारा शेरीफ नांगराचा घोडा किंवा गाय ओढून नेई आणि कवडीमोलानें लिलांव करी. घेणारे त्याचेच सोयरे. खरेदीखत नोंदावयाचें तर कायद्यानें ठरलेल्या फीच्या दुप्पट-तिप्पट. वकील, कारकून, शेरीफ आणि सावकार सारे एका ताटांत जेवणारे. १७६७ सालीं खुद्द गव्हर्नर ट्रायन ह्यानें कबूल केलें कीं, वसूल व्हावयाच्या सरकारी पैशांपैकीं अर्ध्याहून अधिक शेरीफांनींच गिळंकृत केला. आणि हाच ट्रायन त्याच वेळीं न्यू बर्न येथें आपल्यासाठीं वाडा बांधवीत होता. त्याचा खर्च हजारों पौंड, आणि त्यासाठीं पुन्हां डोईपट्टी!

लोकांनीं आधीं अर्ज केले. हिशेब दाखवा, एवढेंच त्यांचें मागणें. आपण कारभारास नियम लावूं पाहतों म्हणून त्यांनीं रेग्युलेटर असें नांव घेतलें. त्यांच्यांत हर्मन हजबंड नांवाचा क्वेकर पंथाचा शेतकरी होता. तो हत्यार धरीत नसे, चोपडीं लिहून वांटीत असे. एडमंड फॅनिंग नांवाचा वकील एकटाच दस्त नोंदणारा, सभासद आणि फौजेचा कर्नल. त्याच्यावर जास्त फी घेतल्याचे खटले झाले, १७६८ सालीं तो दोषी ठरला, आणि कोर्टानें दंड केला दर गुन्ह्यास एक पेनी! शेतकऱ्याची गाय जाते फीपायीं, आणि फी लुबाडणाऱ्यास दंड एक पेनी. १७७० च्या सप्टेंबरांत लोक हिल्सबरोच्या कोर्टांत शिरले, फॅनिंगला पाय धरून ओढीत बाहेर आणून बदडलें, त्याचें घर पाडलें. न्यायाधीश रात्रीं मागच्या वाटेनें पळाला. १६ मे १७७१ रोजीं अलामान्स येथें ट्रायनची तोफांसह फौज आणि सुमारें दोन हजार शेतकरी समोरासमोर आले. शेतकऱ्यांस तोफा नाहींत, सेनापति नाहीं. दोन तासांत निकाल लागला. एकास दुसऱ्याच दिवशीं चौकशीवांचून झाडास टांगिलें, आणखी सहा जणांस १९ जून रोजीं हिल्सबरोस फांशीं दिलें. ट्रायन बढती घेऊन न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला.

ट्रायनच्या फौजेंत ह्या शेतकऱ्यांवर चालून गेलेल्यांत रिचर्ड कॅसवेल हा एक होता. पांच वर्षांनीं उत्तर कॅरोलिना स्वतंत्र झाली तेव्हां तिचा पहिला गव्हर्नर हाच. मग अलामान्सच्या पुष्कळ शेतकऱ्यांस स्वातंत्र्याच्या लढाईचा उत्साह वाटला नाहीं, तर त्यांस राजनिष्ठ म्हणून हिणविण्यापूर्वीं हें नांव आठवावें.

हर्मन हजबंड वेष पालटून पेनसिल्व्हेनियांत पळाला व तेथें पुन्हां शेती करूं लागला. राजा गेला, स्वराज्य आलें, आणि १७९१ सालीं नव्या सरकारनें धान्याची दारू गाळण्यावर कर बसविला. डोंगरापलीकडील शेतकऱ्यास धान्य बाजारांत नेण्याची ती एकच तऱ्हा होती, कारण धान्याचीं पोतीं डोंगर ओलांडून परवडत नसत. ते उठले. त्यांच्यावर १७९४ सालीं अध्यक्ष वॉशिंग्टन तेरा हजारांच्या आसपास फौज घेऊन निघाले. धरून नेलेल्यांत सत्तरीचा हजबंड होता. त्यास फिलाडेल्फियाच्या तुरुंगांत हिंवाळाभर ठेविलें. १७९५ सालीं तो सुटला, आणि त्याच वर्षीं घराच्या वाटेवर मेला.